शेळीच्या रक्तातला जीवाणू : ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमके काय?

पशुरोगांच्या संशोधनात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका ठरावीक साच्याचे अभ्यास फार वाढले आहेत. एक-दोन जिल्हे निवडायचे, तिथल्या काही गावांतून जनावरांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यातला डीएनए वेगळा काढायचा, पीसीआर या तंत्राने त्यात एखाद्या जीवाणूचा डीएनए आहे का ते पाहायचे आणि ‘इतके टक्के जनावरे बाधित’ असा निष्कर्ष मांडायचा. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कुत्री अशा सर्वांवर असे अभ्यास झाले आहेत. त्यांतली टक्केवारी पुढे बातमीत जाते तेव्हा तिचा मथळा होतो : ‘गोचिडींमुळे शेळ्यांमध्ये रोगाचा फैलाव’.

हा साचा आम्हांला येथे तपासून पाहायचा आहे. पीसीआर हे उत्तम तंत्र आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या तंत्राने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न एक, आणि मथळ्यात ज्याचे उत्तर म्हणून ते छापले जाते तो प्रश्न दुसराच, असे वारंवार घडते. उदाहरणासाठी आपण नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे आणि तिथल्या शेळ्या घेऊ.

शेळी, गोचीड आणि जीवाणू

लातूर, उदगीर, तुळजापूर हा उस्मानाबादी शेळीचा मूळ प्रदेश. बहुतेक काळ्या रंगाची, कमी पाण्यात तग धरणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात मराठवाड्याबाहेरही पसरली आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. यातला मोठा वाटा भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांकडे आहे. पेरणीला, दवाखान्याला किंवा मुलांच्या फीसाठी पैसे लागले की बाजारात जाते ती शेळीच. तेव्हा ‘तुमच्या शेळ्या बाधित आहेत’ या वाक्याची त्या घराला किंमत मोजावी लागते. औषधाचा खर्च होतो, बाजारभाव पडतो, आणि नको असताना जनावर विकले जाते.

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ असतात. ती कोळी आणि विंचू यांच्या गोतातली. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. पुढल्या अवस्थेत जायला आणि शेवटी अंडी घालायला तिला रक्त लागते. अनेक जातींच्या गोचिडी एका जनावराचे रक्त पिऊन खाली पडतात, गोठ्याच्या भेगांत किंवा दगडांखाली कात टाकतात आणि मग दुसऱ्या जनावराला चिकटतात. रक्तातले जीवाणू एका प्राण्यातून दुसऱ्यात जाण्याची ही आयतीच सोय झाली.

शेळ्या-मेंढ्यांत अशा जीवाणूंपैकी महत्त्वाचा म्हणजे अ‍ॅनाप्लाझ्मा ओव्हिस. अ‍ॅनाप्लाझ्मा हा वंश आर्नल्ड थायलर यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या रक्तातून वर्णिला. तांबड्या रक्तपेशीच्या कडेला बसलेला, रंगवल्यावर गडद दिसणारा एक ठिपका, इतकेच त्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसत होते. ठिपक्याभोवती पेशीद्रव दिसत नाही, म्हणून ‘प्लाझ्मा नसलेला’ असे हे नाव. शेळीमध्ये अ‍ॅनाप्लाझ्मा ओव्हिसचा संसर्ग बहुधा सौम्य असतो. उपासमार, दुसरा एखादा रोग, लांबचा प्रवास असा ताण पडला तर ताप, अशक्तपणा आणि रक्तक्षय दिसू लागतो. एकदा संसर्ग झालेली शेळी बरी दिसत असतानाही दीर्घकाळ थोडे जीवाणू रक्तात बाळगून असते. अशा जनावराला वाहक म्हणतात.

पीसीआरने काय साधले?

वाहक शेळीच्या रक्तात जीवाणू इतके थोडे असतात की काचपट्टीवर तासभर शोधूनही ते सापडत नाहीत. शिवाय रक्तपेशीतले इतर काही कणही तसेच ठिपक्यांसारखे दिसतात. येथे पीसीआर उपयोगी पडते. या तंत्राची कल्पना कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जीवाणूच्या डीएनएचा एक छोटा, ओळखीचा तुकडा निवडायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एका तुकड्यापासून सुरुवात केली आणि प्रत्येक फेरी अचूक झाली, तर ३० फेऱ्यांनंतर २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. जे अदृश्य होते ते दृश्य होते.

याचे फायदे खरे आहेत. वाहक जनावरे कळतात. एकाच रक्तात दोन-तीन प्रकारचे सूक्ष्मजीव असल्यास तेही कळते. नवे जीवाणूही सापडतात. चीनमध्ये प्रथम शेळ्यांच्या रक्तात आढळलेला अ‍ॅनाप्लाझ्मा काप्रा हा जीवाणू तेथील २८ माणसांमध्येही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘काप्रा’ म्हणजे लॅटिनमध्ये शेळी. सूक्ष्मदर्शकावर विसंबून राहिलो असतो तर ही गोष्ट कळणे कठीण होते. म्हणून शेळ्यांच्या रक्ताची अशी तपासणी मराठवाड्यात व्हावी, हे आम्हांला मान्य आहे. आमचे आक्षेप पुढचे आहेत.

डीएनए सापडला म्हणजे रोग झाला का?

कोविडच्या साथीत आपण सर्वांनी एक गोष्ट अनुभवली. काही माणसे पूर्ण बरी झाल्यावरही कित्येक दिवस त्यांची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येत राहिली, कारण विषाणूचे निर्जीव अवशेषही चाचणीत सापडत होते. पीसीआर सांगते ते एवढेच : या नमुन्यात डीएनएचा हा तुकडा आहे. जीवाणू जिवंत आहे की नाही, तो किती आहे आणि त्याच्यामुळे जनावर आजारी आहे का, हे साधी पीसीआर सांगत नाही.

समजा, उदगीरच्या एका कळपातील शेळी सुकली आहे, तिच्या डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या झाल्या आहेत आणि रक्तात अ‍ॅनाप्लाझ्माचा डीएनए सापडला. दोष त्या जीवाणूचा ठरवायचा का? पावसाळ्यानंतर शेळ्यांच्या जठरात रक्त पिणारे जंत बळावतात आणि त्यांनीही अगदी असाच रक्तक्षय होतो. पापणीचा आतला रंग तक्त्याशी ताडून जंतांमुळे होणारा रक्तक्षय ओळखण्याची ‘फामाचा’ ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत याच कारणासाठी निघाली. लेंडी न तपासता फक्त रक्ताची पीसीआर केली, तर जे शोधले तेच सापडणार आणि सापडले त्यावरच आळ येणार.

रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकातच रोगाचे कारण सिद्ध करण्यासाठी कडक अटी घातल्या होत्या. डीएनएच्या युगात त्या अटी कशा लावायच्या, याचा विचार फ्रेडरिक्स आणि रेलमन या अमेरिकन संशोधकांनी १९९६ मध्ये मांडला. जीवाणूचा डीएनए बहुतेक रोग्यांत सापडला पाहिजे, निरोग्यांत तो क्वचित किंवा कमी प्रमाणात असावा, रोग ओसरताना त्याचे प्रमाण घटले पाहिजे, अशा त्यांच्या काही अटी आहेत. यांतली एकही अट तपासायची असेल तर आजारी आणि निरोगी अशा दोन्ही शेळ्या हव्यात, आणि त्याच शेळ्यांचे रक्त पुन्हा काही दिवसांनी घ्यायला हवे. एकदाच रक्त घेऊन टक्केवारी काढणाऱ्या अभ्यासात हे बसतच नाही. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ आहे हे खरे. पण मग निष्कर्षही तेवढाच मर्यादित ठेवावा.

गोचिडीने पसरवला, हे कशावरून?

‘गोचिडींमार्फत पसरणारे जीवाणू’ असे शीर्षक दिले की वाचक गृहीत धरतो की या शेळ्यांना ते गोचिडीनेच दिले. पण अ‍ॅनाप्लाझ्मा रक्त पिणाऱ्या माश्यांच्या तोंडाला लागलेल्या रक्तातूनही पसरू शकतो. सुई, खच्चीकरणाची हत्यारे, कानात बिल्ला मारण्याचे अवजार यांना लागलेल्या रक्तातूनही तो पसरतो. आंत्रविषाराच्या किंवा पीपीआरच्या लसीकरणात एकाच सुईने सगळा कळप टोचला, तर रोग थांबवण्याच्या कामातून दुसराच संसर्ग वाटला जाण्याचा धोका असतो. जिथे असे होत असेल तिथे गोचिडींवर कितीही औषध फवारले तरी सुईचे काम चालूच राहील.

काही अभ्यासांत शेळीच्या अंगावरच्या गोचिडीही तपासतात आणि त्यांत तोच डीएनए मिळाला की साखळी पूर्ण झाली असे मानतात. पण रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडीच्या पोटात शेळीचेच रक्त असते. त्यातला डीएनए गोचिडीने शेळीला दिला की शेळीकडून घेतला, हे त्यावरून ठरत नाही.

याउलट एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांच्या ‘टेक्सास ताप’ या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या रोगाचे कारण जीवाणू नसून रक्तपेशीत राहणारा एकपेशीय परजीवी होता. पण पद्धत आपल्या कामाची आहे. एका कुरणात त्यांनी गोचिडी असलेली दक्षिणेकडची गुरे आणि उत्तरेकडची निरोगी गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्या कुरणात दक्षिणेकडच्या गुरांच्या अंगावरील गोचिडी हातांनी वेचून काढल्या. तिसऱ्यात दक्षिणेकडची गुरे ठेवलीच नाहीत, फक्त गोचिडी सोडल्या. पहिल्या आणि तिसऱ्या कुरणातली उत्तरेकडची गुरे आजारी पडली, दुसऱ्यातली पडली नाहीत. डीएनए काय असतो हे त्या काळी कुणाला माहीत नव्हते. तरी ‘गोचीड पसरवते का?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले, कारण प्रयोग त्या प्रश्नासाठीच रचला होता.

नावाचा घोळ

तिसरा आक्षेप जीवाणूच्या नावाबद्दल आहे. जीवाणू ओळखण्यासाठी ‘१६-एस’ नावाचे जनुक पुष्कळदा वापरतात, कारण ते सर्व जीवाणूंत असते. पण गुरांतला अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल आणि शेळ्या-मेंढ्यांतला अ‍ॅनाप्लाझ्मा ओव्हिस यांच्या या जनुकात फरक अगदी थोडा आहे. त्याच्या लहानशा तुकड्यावरून जात ठरवणे म्हणजे आडनावावरून माणूस ओळखण्यासारखे आहे. जीवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे ‘एमएसपी-४’ यासारखे जनुक तपासले तर ओळख अधिक पक्की होते.

तुकड्यातील अक्षरांचा क्रम मिळाल्यावर तो जागतिक संग्रहातील क्रमांशी ताडतात आणि सर्वांत जवळचे नाव लावतात. संग्रहातले नाव ज्याने लावले तो चुकला असेल, किंवा आपल्याकडचा जीवाणू संग्रहात अजून आलाच नसेल, तरी ‘सर्वांत जवळचे’ असे काहीतरी मिळतेच. म्हणून कोणते जनुक, किती लांबीचा तुकडा आणि किती टक्के जुळणी, या तीन गोष्टी न सांगणाऱ्या अहवालातले नाव आपण पेन्सिलीने लिहिलेले समजावे.

टक्केवारीचा भार

आता टक्केवारी. समजा १०० शेळ्यांपैकी ३० पॉझिटिव्ह आल्या. शेळ्या खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या असतील, तरी खरे प्रमाण साधारण २१ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. शेळ्या २० आणि पॉझिटिव्ह ६ असतील, तर टक्केवारी तीच ३०. पण खरे प्रमाण १० ते ५० टक्क्यांमध्ये कुठेही! आणि त्या शेळ्या पाचच कळपांतल्या असतील तर अनिश्चितता आणखी वाढते, कारण एका कळपातल्या शेळ्या एकाच गोठ्यात राहतात, त्याच गोचिडींना आणि त्याच सुईला सामोऱ्या जातात. दवाखान्यात आणलेल्या शेळ्याच मोजल्या तर तो आकडा दवाखान्याचा झाला, जिल्ह्याचा नव्हे.

चाचणीच्या अचूकतेचेही असेच. समजा १००० शेळ्यांत खऱ्या बाधित २० आहेत. चाचणी त्यांतल्या १९ पकडते आणि निरोग्यांपैकी फक्त २ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. निरोगी ९८०, त्यांचे २ टक्के म्हणजे सुमारे २०. एकूण पॉझिटिव्ह ३९, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक खोट्या! पीसीआर स्वतः फार नेमकी आहे, पण एका नळीतला सूक्ष्म तुषार दुसरीत गेला तरी त्याच्याही कोट्यवधी प्रती होतात. म्हणून नुसते पाणी घातलेली ‘रिकामी’ नळी प्रत्येक वेळी सोबत चालवावी लागते. ती कोरी निघाली का, हे अहवालात आधी पाहावे.

नांदेड आणि लातूर मिळून एक आकडा देण्यालाही आमचा आक्षेप आहे. किनवट-माहूरचा डोंगराळ जंगलपट्टा आणि मांजरा खोऱ्यातले लातूरचे पठार यांत पाऊस, झाडोरा, चराईची रीत असे सारेच वेगळे. गोचिडींच्या जाती आणि त्यांचा हंगामही त्याप्रमाणे बदलणार. त्या दोहोंची सरासरी किनवटच्या शेळीपालकाला लागू पडेल की औशाच्या, याची खात्री देता येत नाही.

याहून चांगले कसे करता येते?

महाराष्ट्रातच एक चांगला नमुना आहे. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी स्कॉटलंडमधील सहकाऱ्यांबरोबर गाईंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘प्लॉस वन’ या कुणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकात आला. राज्याच्या चार कृषी-हवामान विभागांतून, वरवर निरोगी दिसणाऱ्या जनावरांचे १०५२ नमुने त्यांनी घेतले आणि गोचिडींमुळे पसरणाऱ्या पाच प्रकारच्या परजीवींसाठी तपासले. अ‍ॅनाप्लाझ्मा त्यांत होता. पण ते टक्केवारीवर थांबले नाहीत. प्रत्येक जनावराची जात, लिंग आणि अंगावरील मांसाची स्थिती त्यांनी नोंदवली आणि विचारले, ‘रोगी न दिसणाऱ्या वाहक जनावरालाही या संसर्गाची काही किंमत मोजावी लागते का?’ संकरित गाईंमध्ये संसर्ग आणि रोडपणा यांचा संबंध दिसला, आणि तोही विशेषतः एकपेशीय परजीवींच्या बाबतीत. म्हणजे रक्तात सापडलेला प्रत्येक पाहुणा सारखाच महागात पडत नाही.

याही अभ्यासाला मर्यादा आहे. एकदाच घेतलेल्या नोंदीवरून संसर्गामुळे जनावर रोडावले की रोड जनावराला संसर्ग लवकर जडला, हे सांगता येत नाही. पण संशोधकांनी शब्द वापरला तो ‘संबंध’ हा, ‘कारण’ नव्हे. आमच्या मते अहवालाचा प्रामाणिकपणा ओळखायची ही चांगली खूण आहे.

नांदेड-लातूरच्या शेळ्यांसाठी असे काम करता येण्याजोगे आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. रक्त घेताना शेळीच्या पापणीचा रंग, लेंडीतील जंतांची अंडी, तिचे वजन, अंगावरील गोचिडींची संख्या व जात, शेवटचे लसीकरण कसे झाले, एवढे नोंदवले तर तोच नमुना दहापट बोलका होतो. तीच शेळी उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तपासली तर त्याहून अधिक.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा आग्रह नाही. ‘४० टक्के बाधित’ असे वाचून कुणी सगळ्या कळपाला ऑक्सिटेट्रासायक्लीन टोचू लागला, तर निरोगी वाहकांना त्याचा फारसा उपयोग नाही. औषधाचे अंश दुधा-मांसात जातात आणि औषधाला न जुमानणारे जीवाणू वाढीस लागतात. गोचिडींवरही तीच ती औषधे बेहिशेबी फवारली की त्यांना न जुमानणाऱ्या गोचिडी उरतात. डेल्टामेथ्रिनच्या बाबतीत गुरांच्या गोचिडींत हे भारतात दिसलेले आहे. उलट प्रत्येक शेळीला वेगळी सुई, गोठ्याच्या भेगा लिंपणे, वेळेवर जंतनाशक आणि आजारी शेळीची नीट तपासणी ही साधी कामे चुकीच्या मथळ्यामुळे मागे पडतात.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या वर्गात एका पिशवीत ३० चिंचोके आणि ७० हरभरे मिसळा. चिंचोका म्हणजे बाधित शेळी. प्रत्येक गटाने न पाहता २० बिया काढून टक्केवारी फळ्यावर लिहावी आणि बिया परत टाकाव्यात. दहा गटांचे दहा आकडे पाहून मुलेच विचारतील, ‘मग खरा आकडा कोणता?’ नंतर त्याच बिया दहा-दहाच्या पुरचुंड्यांत अशा बांधा, की काहींत बहुतेक चिंचोके असतील आणि काहींत फक्त हरभरे. आता प्रत्येक गटाने दोनच पुरचुंड्या उचलाव्यात. बिया वीसच, पण आकडे पहिल्यापेक्षा किती इकडेतिकडे जातात ते पाहावे. कळप म्हणजे काय, हे त्यातून कळेल.

त्यानंतर रोगाविषयीची एखादी बातमी वर्गात वाचावी आणि मुलांनी तिला पाच प्रश्न विचारावेत : काय शोधले? कुणात शोधले, आजाऱ्यांत की निरोग्यांत? किती आणि कसे निवडले? तुलनेला कोण होते? आणि बातमीतले वाक्य यांतल्या कोणत्या उत्तरावर उभे आहे? बातमी शेळ्यांचीच हवी असे नाही.